भेडाघाटची मुकी नाव

दिवाळी संपली की नागपूरच्या गांधीबागेतली कापडाची दुकानं आठ-दहा दिवस नुसती उघडी असतात. गिऱ्हाईक फिरकत नाही. नोकर ताग्यांच्या घड्या पुन्हा पुन्हा नीट करतात आणि मालक एकमेकांच्या गादीवर बसून चहा पितात. सत्तरच्या दशकातल्या अशाच एका दिवाळीनंतर मी, माझी बायको आणि माझी मोठी बहीण असे तिघं भेडाघाटला नर्मदेचा धुवांधार धबधबा पाहायला गेलो. सहल म्हणून मी केलेला हा पहिलाच प्रवास. तोवर गावोगाव गेलो ते माल घ्यायला.

जायचं ताईनं काढलं. ती उमरेडला राहायची. तिचा एक डोळा काचबिंदूनं गेला होता आणि दुसऱ्यात मोतीबिंदू होता. नागपूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन करू म्हटलं, पण डोळा वाचेलच असं काही ते सांगत नव्हते. त्यासाठी ती आमच्याकडे येऊन राहिली होती. जेवताना म्हणाली, "आधी मले एकदा धुवांधार पाहू दे गा. तुझे भाऊजी पाहून आले होते. मरेपर्यंत तेच सांगत राहिले. मले काही नेलं नाही."

मी लगेच हो म्हटलं. बायको माझ्याकडे पाहतच राहिली, कारण ताईशी मी कामापुरतंच बोलायचो. माझं हो म्हणणं मायेपोटी नव्हतं. मला ताईला एक प्रश्न विचारायचा होता. वीस वर्षं तो पोटात होता. डोळा गेल्यावर विचारला असता तर आंधळ्या बहिणीला छळतो असं झालं असतं. विचारायचा तर आताच.

प्रश्न असा. मी सोळा वर्षांचा असताना उमरेडला मेहुण्यांच्या, म्हणजे ताईच्या नवऱ्याच्या, दुकानात कामाला होतो. विणकर मागावरची लुगडी आणून द्यायचे, ती तपासून रचून ठेवायची, हे माझं काम. एकदा रेशमी काठाचं एक लुगडं सापडेना. मेहुण्यांनी विणकरांसमोर, शेजारच्या बायांसमोर मला चोर म्हटलं आणि माझी पत्र्याची पेटी रस्त्यावर नेऊन ठेवली. ताई आतल्या दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती एक शब्द बोलली नाही. मी पेटी उचलली आणि नागपूरच्या एस.टी.त बसलो. पोत्यावर कटपीस मांडून विकले, मग हातगाडी घेतली, मग भाड्याचा गाळा, मग दुकान. कोणी हात दिला नाही. ते लुगडं आठ दिवसांतच सुताच्या पोत्यामागं सापडलं होतं, हे मला काही वर्षांनी एका विणकरानं सांगितलं. ताईच्या घरून कोणी निरोप धाडला नव्हता. त्या घराची पायरी चढायची नाही, असं मी पेटी उचलतानाच ठरवलं होतं. मेहुणे वारले तेव्हासुद्धा मी रस्त्यावर उभा होतो आणि तिथूनच मसणात गेलो.

नागपूरहून सकाळची बस धरून शिवनीमार्गे जबलपूरला पोचलो. ताई खिडकीशी बसली होती. तिला उजेड आणि सावली एवढंच कळायचं, तरी सगळा रस्ता ती बाहेरच पाहत होती. मी मागच्या सीटवर बसून मनात तयारी करत होतो. ती म्हणेल, माझं काय चालत होतं त्या घरात? मग मी म्हणेन, चालत नव्हतं तर निरोप कसा धाडता आला नाही? ती म्हणेल, मी लहान होते. मग मी म्हणेन, मी तुझ्याहून लहान होतो. व्यापाऱ्याला ही सवयच असते. समोरचा काय बोलेल ते आधीच धरून त्याला उत्तर शोधून ठेवायचं.

दुसऱ्या दिवशी धर्मशाळेतून निघून टेम्पोनं भेडाघाटला गेलो. धुवांधार दिसायच्या आधी ऐकू येतो. मग चेहऱ्यावर बारीक ओल बसते. सगळी नर्मदा एका अरुंद घळीत घुसते आणि उडी टाकते, आणि खालून पाणी धुरासारखं वर येतं. मी ताईचा हात धरून तिला खडकावर नेलं. तिनं चष्मा काढून पदराला बांधला आणि तोंड पुढं केलं.

"तुझे भाऊजी धूर म्हणत होते," ती माझ्या कानाशी ओरडली. "हा तर चांगला थंड हाये गा!"

बायको बाटलीत नर्मदेचं पाणी भरायला पलीकडे गेली होती. मला वाटलं, हीच वेळ. मी ओरडलो, "ताई, त्या दिवशी तू काहून नाही बोलली वं?"

"काय?"

"त्या दिवशी! लुगड्याच्या! काहून नाही बोलली?"

तिनं कानामागं हात धरला. "काय म्हणतं?"

शेजारी उभं असलेलं एक जोडपं माझ्याकडे पाहायला लागलं. वीस वर्षं जपलेला प्रश्न मी बाजारातल्या हाकेसारखा ओरडत होतो.

"काही नाही!" मी म्हटलं.

तिथून नावांच्या घाटावर आलो तेव्हा माझं डोकं तापलेलं होतं. नावाड्यानं भाव सांगितला आणि मी त्याच्यावर तुटून पडलो. गांधीबागेत मी भल्याभल्यांना घाम फोडला आहे. त्याची नाव जुनी, वल्हं मोडून जोडलेलं, दिवाळीची गर्दी ओसरलेली, सगळं काढलं. दोनदा पाठ फिरवून निघालो. तिसऱ्यांदा त्यानं हाक मारली. मी भाव निम्म्यावर आणला होता.

नावाडी पन्नाशीचा होता, अंगानं काटक. तो शांतपणे म्हणाला, "बैठिए बाबूजी. पर इस भाव में नाव चलेगी, जबान नहीं चलेगी."

"जबान तेरे पास रख," मी म्हटलं. "मेरेको नाव चाहिए."

त्याचा अर्थ मला नाव आत गेल्यावर कळला. भेडाघाटला लोक नावेत बसतात ते अर्धं पाहायला आणि अर्धं ऐकायला. दोन्ही बाजूंना संगमरवराचे उंच कडे, मधून नदी. आणि नावाडी प्रत्येक खडकाची गोष्ट सांगतो, यमकं जुळवतो, गिऱ्हाइकांची थट्टा करतो. आमच्या पुढच्या नावेत तेच चाललं होतं. तिथली माणसं पोट धरून हसत होती. आमचा नावाडी वल्हं मारत होता आणि समोर पाहत होता. पुढची नाव वळणाआड गेली आणि मग काहीच ऐकू येईना.

"हे काय पांढरं पांढरं दिसते?" ताईनं विचारलं. "आला काय तो संगमरवर?"

नावाडी गप्प.

"अहो, देऊन टाका त्याला त्याचा भाव," बायको हळूच म्हणाली. "ताईंना काही दिसून नाही राहिलं. कोणी सांगितलं तरच त्यांना कळेल."

"नाही देत. त्यानं कबूल केलं, आपण कबूल केलं."

"मग बसा तोंड शिवून."

खरं म्हणजे त्या माणसाला मी नावं ठेवू शकत नव्हतो. एखादं गिऱ्हाईक भाव फार पाडायला लागलं की मीसुद्धा भाव पाडायचो आणि कापड गजावर ताणून मोजायचो, म्हणजे ते कमी द्यावं लागायचं. गिऱ्हाईक खूश, मीही खूश. त्यानं मला तेच केलं होतं, फक्त आधी सांगून केलं होतं. याचाच मला जास्त राग आला. मी म्हटलं, "त्याच्यावाचून अडलं काय? मले तोंड नाही काय? ताई, मी सांगतो."

पण सांगायचं काय? खडकांच्या गोष्टी मला येत नव्हत्या. मला कापड येत होतं.

"डाव्या हाताचा कडा मांजरपाटासारखा आहे," मी म्हटलं. "कोरा, धुवायच्या आधीचा. पिवळट."

"जाडा?"

"जाडाच. आता पुढचा आला. हा लठ्ठा. नीळ दिलेला, इस्त्रीचा. मधून एक काळपट पट्टा गेला आहे, आडवा."

"काठ म्हण ना. किती बोटं?"

मी नीट पाहिलं. "चार बोटं."

"मग ते रोज नेसायचं," ताई म्हणाली. "सणाचं दाखव."

बायको हसली. मीही जरा खुललो. वळणावर ऊन पडलेला एक कडा होता, त्याला मी टसर रेशीम म्हटलं. एका खडकाला वरपासून खालपर्यंत चीर गेली होती.

"इथं विणताना धागा तुटला," मी म्हटलं.

"मग घेऊ नको, परत कर," ताई म्हणाली. "भाव पाड त्याचा."

नावाड्याचे खांदे हलले. तोंड त्यानं मिटलेलंच ठेवलं होतं.

पुढं कडे जवळ आले आणि पाणी काळंभोर झालं. वल्ह्याचं पाणी टपटपायचं तेवढंच ऐकू येत होतं. ताईनं पदराची गाठ सोडली, चष्मा काढला आणि तो हातातच धरून बसली.

"तिथं तू इचारलं ना," ती म्हणाली. "मले ऐकू आलं होतं."

मी कड्यांवरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं.

"भेव वाटला मले. दुसरं काही नाही. तू घेतलं नाही हे मले माहीत होतं. मी बोलली असती तर माहीही पेटी तुझ्या पेटीजवळ ठेवली असती त्यांनी. अन् मग लुगडं सापडलं, तेव्हा लाज वाटली. आज निरोप धाडू, उद्या धाडू म्हणता म्हणता लाज वाढतच गेली."

एवढं बोलून ती थांबली. मी वाट पाहत होतो की आता ती आणखी काही जोडेल, काही कारण देईल, म्हणजे मला माझी उत्तरं काढता येतील. तिनं काहीच जोडलं नाही. पहिल्याच बोलीला खरा भाव सांगून ती गप्प बसली होती. अशा माणसाशी घासाघीस करणं मला कधी जमलं नाही. मी नदीत हात घातला. पाणी गार होतं. बायको दुसरीकडे पाहत होती.

हात पुसून मी नावाड्याला म्हटलं, "पूरा भाव ले. अब बोल."

तो तोंड उघडणार तोच ताई म्हणाली, "राहू दे गा. तूच सांग. पुढचा कोणता?"

मी पुढचा कडा मलमल आहे म्हणून सांगितलं. तो मलमल नव्हता, साधाच खडक होता. नावाड्यानं आम्हाला ठरल्याहून बरंच आत नेलं, शेवटपर्यंत एक शब्द न बोलता. घाटावर उतरताना मी त्याचा पूर्ण भाव त्याच्या हातावर ठेवला. त्यानं ताईला धरून उतरवलं आणि मला म्हणाला, "कपड़े की दुकान है ना आपकी?"

माझा राग तिथंच गेला असं मी म्हणणार नाही. परतीच्या बसमध्ये तो होताच. फक्त त्याला धरून बसायला काही उरलं नव्हतं.

ऑपरेशन बरं झालं. महिन्याभरानं जाड भिंगांचा चष्मा लावून ताई उमरेडला निघाली आणि मी तिला एस.टी.नं पोचवायला गेलो. घराशी आल्यावर मी तिची पिशवी खालच्या पायरीवर ठेवली आणि रस्त्यावर उभा राहिलो. ताई दोन पायऱ्या चढली, वळली आणि समोरच्या म्हातारीला तिनं हाक मारली. ही म्हातारी त्या दिवशी तिथं उभी होती, मला पक्कं आठवत होतं.

"मावशी, इकडे ये वं," ताई मोठ्यानं म्हणाली. "हा माहा भाऊ. यानं ते लुगडं नेलं नव्हतं. पोत्यामागं सापडलं होतं. तेव्हा मी बोलली नाही, आता बोलून राहिली."

म्हातारी रस्ता ओलांडून आली. डोळ्यांवर हात धरून तिनं मला नीट पाहिलं.

"कोणतं लुगडं वं?"

"रेशमी काठाचं."

"मले नाही याद बाप्पा. अन् हा तुहा भाऊ काय? मले वाटलं, डॉक्टरचा माणूस आला तुले सोडून द्याले."

माझ्या अंगाची लाही झाली. वीस वर्षं ज्या गल्लीत मान वर करून पाहिलं नाही, त्या गल्लीत कोणाला काही आठवत नव्हतं!

"याद नाही कशी?" मी म्हटलं. "इथं, या जागी, माझी पेटी ठेवली होती! पत्र्याची, हिरवी! तुम्ही त्या दारात उभ्या होत्या, हातात सूप होतं!"

"असंन बाप्पा. सूप रोजच असते हातात."

"आणि भाऊजी इथून ओरडत होते, हे इथून..."

ताई हसायला लागली होती. "सांग, सांग तिले," ती दारातून म्हणाली. मी कुठं कोण उभं होतं ते हातानं दाखवत होतो, लुगड्यांची थप्पी कुठं होती, पोती कुठं होती, ते सगळं. पोती आतल्या भिंतीशी होती, ती रस्त्यावरून दाखवता येईनात. चप्पल काढायला वाकलो तेव्हा ध्यानात आलं की मी वरच्या पायरीवर उभा आहे.