बाबांनी स्वतः केलेलं कार्ड

सगळी नोकरी खापरखेड्याच्या वीजकेंद्रात काढलेल्या माणसानं दिव्याच्या बटणावर एवढा डोळा ठेवावा, याचं मला लहानपणापासून हसू येतं. खोलीबाहेर पाय पडायच्या आत बाबा पंखा बंद करतात. संगणकावरही तेच. एका प्रोग्राममधलं काम झालं की तो बंद, मगच दुसरा उघडायचा.

आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. बाबांना आईसाठी कार्ड करायचं होतं, तेही कोणाची मदत न घेता. मजकूर लिहायचा, कॉपी करायचा आणि चित्राच्या प्रोग्राममध्ये पेस्ट करायचा. पण तिथे काही उमटेचना. मी मदतीला गेले तर बाबा स्क्रीनवर हात ठेवून म्हणाले, "तू नको पाहू वं. मलेच जमून नाही राहिलं."

हे ऐकून माझं डोकं फिरलं. चूक बाबांची नव्हतीच. आमच्या संगणकावरची मुक्त प्रणाली जगभरच्या हौशी लोकांनी मिळून केलेली आहे; नागपुरात मिहानमधली आयटीची नोकरी सांभाळून मीही तिच्यात लुडबुड करते. तिच्यात कॉपी केलेला मजकूर ज्या प्रोग्राममधून घेतला त्याच्याकडेच राहतो, आणि बाबा तर तो लगेच बंद करायचे. बंद होताना त्यानं मजकूर तो सांभाळणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामकडे सोपवायला हवा. पण लिहायचा प्रोग्राम एका गटाचा, मजकूर सांभाळणारा दुसऱ्या गटाचा, आणि दोघांच्या पद्धती वेगळ्या.

मी दोन्ही गटांशी यथेच्छ भांडले. एकानं सुचवलं, वडिलांना पहिला प्रोग्राम उघडा ठेवायला सांगा. मी लिहिलं, जे आईला पन्नास वर्षांत जमलं नाही, ते मला कसं जमेल? सगळे हसले आणि बोलणं पुढे सरकलं. शेवटी दोघांसाठी एकच नियम ठरला. त्याप्रमाणे दुरुस्ती मी केली, त्यांनी तपासली. मला इतका आनंद झाला की ऑफिसात सगळ्यांना संत्रा बर्फी वाटली.

घरचा संगणक अपडेट केला, बाबांना पुन्हा करून पाहा म्हटलं आणि बाहेर निघून आले.

लग्नाच्या वाढदिवशी आईनं कार्ड उघडलं. 'वीजकेंद्रातून उडणाऱ्या त्या राखेतही तू अंगणात मोगरा फुलवला. मी कधी बोललो नाही, पण ड्युटीवरून आलो की फाटकाशी वास घेत उभा राहायचो.'

आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "खरं सांग, तूच लिहून देल्लं न हे?"

"नाही वं आई. मी तर आत्ताच पाहून राहिली."

आईनं कार्ड पुन्हा पहिल्यापासून वाचलं, या वेळी मोठ्यानं, बाबांना ऐकू जाईल असं.