भाऊची पेशी, दानियलची मिशी

डोळ्यातल्या ज्या पेशी औषधात काळ्या पडत नाहीत, त्या काय बघत असतात? हे मी भाऊला विचारलं, कंपाउंडर दानियललाही विचारलं. दोघंही हसले.

माझा थोरला भाऊ नवापुरात डॉक्टर होता. तो गेल्यापासून भेटायला येणारा प्रत्येक जण आधी रडतो, मग चहा पिता पिता त्याचा एक किस्सा ठेवून जातो. पण दवाखान्याच्या मागच्या खोलीतले किस्से माझ्याकडेच आहेत. तिथे आम्ही तिघंच असायचो.

काम एकच. कोंबडीच्या पिलाचा डोळा आणि मेंदू चांदीच्या औषधात ठेवायचा. असंख्य पेशींतली एखादीच काळी पडते आणि फांद्यांसकट उठून दिसते. मग वस्तऱ्याने पातळ काप काढून मायक्रोस्कोपखाली बघायचे. डोळ्याच्या पडद्यात भाऊला रुंद फांद्यांच्या पेशींची एक जात सापडली होती. तिचा धागा मेंदूत कुठे उतरतो, एवढंच त्याला हवं होतं.

*

त्या औषधाने बोटं काळी होतात, डाग साबणाने जात नाहीत. भाऊ आणि मी म्हसावदला माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो. मुलीच्या बापाने आमचे हात बघितले.

"डॉक्टर, कोयसाना धंदा बी शे का?"

"नही हो. उजेड डोयामाईन कथा जास, ते धुंडी ऱ्हायनूत." उजेड डोळ्यातून कुठे जातो ते शोधतोय, असं भाऊने त्याला त्याच्याच अहिराणीत सांगितलं.

"बरं. सापडना म्हंजे या. मंग पोर दाखाडसूत." म्हणजे सापडेपर्यंत मुलगी दिसणार नव्हती.

*

काप राळेत बसवून उघडेच सुकवायचे. एकदा भाऊ सबंध सकाळ एका नव्याच पेशीचं चित्र काढत बसला. बाहेर पेशंट खोळंबले. दानियलने मायक्रोस्कोपला डोळा लावला.

"डॉक्टर, हिला गुडघा आहे."

राळेत चिलट अडकलं होतं. भाऊने चित्राखाली 'चिलट, मागचा पाय' लिहिलं आणि ते भिंतीवर लावलं.

*

एक पिलू वहिनीने पदराखाली लपवलं. त्याचा आता कोंबडा झालाय. दवाखान्याच्या पायरीवर बसून पेशंटांना टोचतो. भाऊ त्याला 'अपुरं संशोधन' म्हणायचा.

*

पिलाच्या मेंदूचं छत थराथरांचं असतं. धागा वरच्या थरात उतरतो, असं भाऊ म्हणायचा. दानियल म्हणायचा, खालच्या. चुकेल त्याने मिशी काढायची, अशी पैज लागली. तेवढ्यात भाऊला विषमज्वर झाला. शेवटचे काप राळेत सुकत असतानाच तो गेला.

दहाव्याच्या सकाळी मी कुणाला न विचारता त्या खोलीत शिरलो आणि ते काप बघितले. काळा धागा छतापर्यंत आला होता. तिथे दुभंगला होता. एक फांदी वर, एक खाली.

रंगावली नदीच्या काठी न्हाव्याने माझे केस उतरवले, मिशी उतरवली. दानियल टोपी हातात धरून बाजूला उभा होता. ख्रिस्ती माणूस, त्याला यातलं काही करायचं नव्हतं.

"पाहिलंस?" त्याने विचारलं.

"धागा दोन्हीकडे गेलाय."

तो म्हणाला, "मग तुझा भाऊ चुकला."

"आणि तुम्ही?"

दानियलने टोपी वाळूवर ठेवली आणि तो न्हाव्यासमोर येऊन बसला.

न्हावी गोंधळला. "तुमनं कोण गयं?"

मी ओंजळीत पाणी घेतलं आणि दानियलच्या मिशीला लावलं.