मनगटात न बसलेला हात

बाहुलीचे डोळे मसाल्याच्या डब्यात ठेवलेले मी पहिल्यांदा पाहिले ते बावधनला, ताईंच्या जेवणाच्या टेबलावर. स्टीलचा गोल डबा, आत सात वाट्या. आपल्याकडे जिथे मोहरी आणि हळद असते तिथे काचेचे डोळे होते, निळे, राखाडी, काही मधाच्या रंगाचे. डोळा डोक्यात आतून चिकटवायला पुट्टीसारखी एक मऊ पांढरी लांबी लावतात. ती काही डोळ्यांच्या मागे तशीच राहिली होती आणि तिच्यात धूळ, कापसाचे तंतू, कुणाचा तरी केस अडकला होता. ताई एका हाताने डोळे चाळत होत्या. त्याच हाताने त्यांनी खारी मोडून मला दिली. मी ती चहात बुडवली आणि तशीच धरून राहिले. अर्धी खारी चहात विरघळली, मग चहाही प्यायला नाही.

तरी मी त्या घरी पुढे वर्षभर जात राहिले. हे आधीच सांगते, नाहीतर मी उगाच शहाणी दिसेन.

मी मूळची परभणीची. हिंजवडीत एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते आणि मारुंजीला एका काकूंच्या इमारतीत वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. बाहुल्यांचं वेड मला लहानपणापासून होतं असं नाही. ते तिशी उलटल्यावर लागलं, मोबाइलवरच्या एका फोटोने. खिडकीत गुडघे पोटाशी घेऊन बसलेली एक बाहुली, मान थोडी कललेली. ती हसत नव्हती. दुकानातल्या सगळ्या बाहुल्या हसतात. ही आपल्याच कसल्यातरी विचारात होती आणि तिला आपल्याकडून काही नको होतं. मी ऑफिसच्या बसमध्ये तो फोटो मोठा करून करून पाहिला.

या बाहुल्या रेझिनच्या, म्हणजे साच्यात ओतून कडक होणाऱ्या द्रव्याच्या असतात, हातात जड लागतात. प्रत्येक सांध्यात एक गोळी आणि तिला बसायला वाटी. शरीर पोकळ असतं आणि आतून जाड इलॅस्टिक ओवलेलं असतं, त्यामुळे कोपर, गुडघा, मनगट वळवलं की तसंच राहतं. बाहेरच्या देशातून येतात, महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते. पुण्यात हा छंद असलेले दहा-बारा जण असतील, ते सगळे ताईंच्या घरी महिन्यातल्या एका रविवारी जमायचे. ताई पन्नाशीच्या, नोकरीतून लवकर बाहेर पडलेल्या. दिवाणखान्यात काचेचं कपाट आणि त्याला दिवसभर ओढलेला पडदा, कारण उन्हाने रेझिन पिवळं पडतं.

बाहुली कशी निवडायची ते मला ताईंनी शिकवलं. आजही मला त्यातलं सगळं पाठ आहे.

"आधी चेहऱ्यावर भुलायचं नाही," त्या म्हणायच्या. "चेहरा रंगवलेला असतो, पुसला की गेला. विकणाऱ्याकडून रंग काढलेल्या डोक्याचा फोटो मागायचा. तो आवडला तर पुढचं बोलायचं."

"आणि उंची?"

"कपाट मोजून ठरव. दोन फुटी घेतलीस तर तिचे कपडेसुद्धा तुझ्याएवढी जागा खातील. गुडघा दुमडल्यावर पोटरी मांडीला टेकते का ते विचार. न टेकवता उभी राहते का विचार. मान आणि हात एकाच रंगाचे आहेत ना ते खिडकीपाशी नेऊन बघ. सिगारेटच्या घरातली घेऊ नकोस, तो वास मरेपर्यंत जात नाही."

सगळ्यात जास्त त्या बोलायच्या नकलेबद्दल. कुणीतरी खरी बाहुली विकत घेतो, तिचा साचा काढतो आणि स्वस्त रेझिनमध्ये तशाच पन्नास ओततो. ज्याने महिनोन्‌महिने बसून तो चेहरा घडवला त्याला त्यातलं काही मिळत नाही. "नक्कल घेणाऱ्या बाईला मी माझ्या घरात उभं करणार नाही," असं ताई भर बैठकीत म्हणाल्या होत्या, आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

त्या बैठकांतलं सगळंच काही मला गोड वाटायचं नाही. या बाहुल्या कातडीच्या रंगावरून निवडतात आणि गोऱ्या गुलाबी रंगाचं नावच 'नॉर्मल' असतं. एकदा एकीने सावळी बाहुली आणली. सुंदर होती, तिच्या पापण्या जड होत्या, नुकती झोपेतून उठल्यासारख्या. ताईंनी ती हातात फिरवली आणि म्हणाल्या, "छानच आहे गं. पण सावळीला पुढे गिऱ्हाईक मिळत नाही." मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी त्या खोलीत सगळ्यांत काळी. मीच हसले, त्यांना सोपं जावं म्हणून. घरी येताना चांदणी चौकात सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा मला त्या हसण्याची शिसारी आली. पुढच्या महिन्यात मी परत गेलेच.

त्याच सुमारास ताईंनी मला त्यांची एक बाहुली देऊ केली. कोरियातल्या एका कंपनीची, मी वर्षभर जिच्या फोटोंवर जीव टाकत होते तीच. "दुसऱ्या कुणाला दिली नसती," त्या म्हणाल्या. खऱ्या बाहुलीबरोबर कंपनीचं एक कार्ड येतं. ते घर बदलताना गहाळ झालं, असं त्यांनीच सांगितलं. कार्डाशिवाय घेऊ नये हेही त्यांनीच शिकवलेलं. पण ताईंना तसं विचारणं म्हणजे त्यांच्या तोंडावर अविश्वास दाखवणं. मी जमवलेले पैसे दिले आणि जुन्या चादरीत गुंडाळून तिला मारुंजीला आणलं.

पंधरा दिवसांनी इलॅस्टिक सैल वाटलं म्हणून मी तिला उकलून बसले होते. डोकं एकीकडे, हातपाय वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेले. दार उघडंच होतं. टँकर आलाय, बादल्या भरून घे, हे सांगायला काकू वर आल्या. काकूंच्या घरची शेती होती, तिथे आता भाड्याच्या खोल्या आहेत आणि खोल्यांचं बांधकाम अजून संपलेलं नाही. त्या उंबऱ्यातच थबकल्या.

"हे काय मांडलंस गं हितं?"

"बाहुली आहे काकू. दुरुस्त करतेय."

"बाहुली व्हय. मला वाटलं कुणाला कापून ठिवलंय." त्या वाकून पाहायला लागल्या. "अंगावर कापड न्हाई, डोळं न्हाईत. पोरासोरांची हाय का?"

"नाही, माझीच आहे."

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझं वय आठवलं. मग त्यांनी नाक वर केलं. "वास कसला मारतोय हिला?"

"जुनी आहे ना. ताईंच्या कपाटातला वास असेल."

"कपाटाचा न्हाई ह्यो. पाईप जोडताना प्लंबर चिकटवायला लावत्यात ना, तसला वास हाय. खाली रोज घेतीया मी. डोकं धरतं लई. खिडकी उघड आदी." आणि पदर नाकाला लावून त्या खाली गेल्या.

मी डोकं उचलून आतून हुंगलं. त्या म्हणाल्या तसाच वास होता, तिखट आणि कच्चा. जुन्या, चांगल्या रेझिनला असा वास येत नाही. मला तो पहिल्या दिवसापासून येत होता आणि मी त्याला कपाट म्हणत होते. मग मी पाहायला लागले आणि एकेक दिसत गेलं. काखेत बुडबुड्यांची बारीक भोकं होती, ती कशाने तरी बुजवलेली. नखांच्या कडा पुसट, झिजलेल्या साबणासारख्या. तरीही मी स्वतःला सांगितलं की वापराने झालं असेल.

खात्री हातांनी झाली. याच बाहुलीसाठी कंपनी जास्तीचे हात विकते, ते मी आधीच मागवले होते. पार्सल आलं, आत कापसात दोन लहानसे हात, बोटं इतकी जिवंत की करंगळीच्या पेरावरची वळीसुद्धा दिसत होती. मी इलॅस्टिकला आकडी लावून हाताची गोळी मनगटाच्या वाटीत बसवायला गेले. बसेना. दुसरा लावून पाहिला, तोही नाही. साच्यावरून ओतलेलं रेझिन आटतं, म्हणून नक्कल मुळापेक्षा किंचित लहान निघते. खरा हात खोट्या मनगटाला मोठा होत होता. मी ती बाहुली तशीच वर्तमानपत्रात गुंडाळली आणि दोन दिवस तिच्याकडे पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी बाहुली आणि ते हात घेऊन बावधनला गेले. ताईंनी हातही पाहिले नाहीत, मनगटही नाही.

"कळलं होय तुला," त्या म्हणाल्या आणि कपाटाचा पडदा नीट केला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"घेतल्यावर कळलं. मलाही खरी म्हणूनच दिली होती, मुंबईच्या एकीने. मी काय करायचं होतं, टाकून द्यायची?"

"मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर घेतली असतीस?" त्या अजिबात चिडलेल्या नव्हत्या. एखाद्या नवख्या मुलीला गाठ कशी मारायची ते दाखवावं तशा बोलत होत्या. "हे बघ, तूही पुढे देऊन टाक. नवीन कुणाला तरी. त्यांना कळत नाही. चार दिवस खायच्या सोड्यात पुरून ठेव, वास बराच कमी होतो."

मी तिथून तडक निघून आले असं लिहायला मला आवडलं असतं. मी बसले. चहा घेतला. या वेळी खारीही खाल्ली. आणि घरी येऊन किराणा दुकानातून सोड्याच्या चार पुड्या आणल्या.

आज त्या चार दिवसांची आठवण सगळ्यांत ओंगळ वाटते. प्लास्टिकच्या टबात पांढऱ्या भुकटीत पुरलेली ती, वर फक्त नाक आणि गुडघे. मी ऑफिसला जाताना तिच्याकडे एक नजर टाकायची आणि आल्यावर वाकून हुंगायची. पाचव्या दिवशी तिला पुसून, विग लावून खिडकीत बसवलं, फोटो काढले आणि आमच्या व्हॉट्सॲप गटाहून वेगळ्या, नवशिक्यांच्या एका गटात टाकले. खाली लिहिलं, 'उत्तम स्थितीत, जपून वापरलेली'.

रविवारी सकाळी जवळच्या जांबे गावाहून एक बाई आली. माझ्याच वयाची, नवऱ्याबरोबर स्कूटरवर. नवरा खाली थांबला. तिची ही पहिलीच बाहुली असणार होती, आणि विचारायचे प्रश्न तिने मोबाइलमध्ये लिहून आणले होते.

"उन्हात ठेवली होती का?"

"कधीच नाही. पडदा असायचा."

"गुडघा पूर्ण दुमडतो?"

"पोटरी मांडीला टेकते. हे बघा."

"कार्ड?"

"घर बदलताना गहाळ झालं."

ते वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज आलं की त्यातला हळहळता सूरसुद्धा ताईंचा होता. बाईने मान हलवली. तिने बाहुली दोन्ही हातांत घेतली, तान्ह्या बाळाला घेतात तसं मानेखाली हात घालून, आणि तिच्या चेहऱ्यावरचं ते बिनहसरं रूप बराच वेळ पाहत राहिली. तिला काय दिसत होतं ते मला ठाऊक होतं.

"हिचे जास्तीचे हात मिळतात ना?" तिने विचारलं. "मिटलेल्या मुठीचे. फोटोत पाहिलेत मी. ते मागवणार आहे."

मी तिच्या हातातल्या बाहुलीचं मनगट पाहत राहिले. तिने मान वर केली.

"नाही मिळत?"

"मिळतात," मी म्हटलं. "हिला बसणार नाहीत."

"का?"

"ही नक्कल आहे."

तिने बाहुली गादीवर ठेवली. आपटली नाही, सावकाश ठेवली. मग विचारलं, "हात कुठे धुऊ?"

मी बेसिन दाखवलं. तिने साबण लावून मनगटापर्यंत हात धुतले, माझा टॉवेल घेतला नाही, ओढणीला पुसले. चपला घालताना म्हणाली, "मी हातांचं विचारलं नसतं तर?"

"तर दिली असती," मी म्हणाले.

तिने मान हलवली, जणू एवढंच ऐकायचं होतं, आणि खाली गेली. स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. टेबलावर तिच्यासाठी भरून ठेवलेला पाण्याचा पेला तसाच होता.

त्याच दुपारी मी ताईंच्या गटावर सगळं लिहिलं. ताईंचं आणि माझंही, सोड्यासकट. काही मिनिटांतच मला गटातून काढलं. बैठकीत सावळी बाहुली आणली होती तिने तेवढा एक फोन केला. तिच्याकडची दुसरी बाहुलीही ताईंकडूनच आलेली होती आणि तिचेही हात तिला तपासून पाहायचे होते. जास्तीचे हात विकणाऱ्या कंपनीचं नाव मी सांगितलं. आम्ही त्यापुढे फार बोललो नाही. तिलाही माझ्याबद्दल काय वाटत असेल ते मी समजू शकत होते.

नंतर मी बाहुलीचं डोकं उघडलं. मागची टोपी लोहचुंबकाने बसते, ती सहज निघते. कपड्यांवर खुणा करायचं काळं पक्कं पेन घेतलं आणि कवटीच्या आत मोठ्या अक्षरात 'नक्कल' लिहिलं. रेझिन शाई पिऊन टाकतं. घासून काढायला गेलं तरी डाग राहतोच. मग तेच पाठीच्या आत लिहिलं आणि दोन्ही तळव्यांवरही.

ती अजून माझ्या कपाटात आहे. पावसाळ्यात दार उघडलं की वास येतो, आता फिकट. दुसरी बाहुली मी घेतलेली नाही. कधीकधी फोटो पाहते, रंग काढलेल्या डोक्याचे, खिडकीपाशी धरलेल्या मनगटांचे, आणि खाली विकणाऱ्याने काय लिहिलंय ते वाचते. 'जपून वापरलेली' असं असलं की मोबाइल उलटा ठेवते.