मोरीतलं पिवळं पाणी

कुरुंद्यात माझं शेतीच्या औषधांचं दुकान आहे. बाटली हातात देताना मी प्रत्येक गिऱ्हाइकाला दम भरतो, "अंदाजानं टाकू नका. झाकणानं मोजा. कागद वाचा." कुणी न वाचता बाटली पिशवीत कोंबली, की मी ती परत मागून घेतो आणि वाचून दाखवतो. लोक माघारी मला मास्तर म्हणतात. मला ते आवडायचंही.

मांजरीचं पिल्लू बायकोला सापडलं. शिजवलेली हळद वाळत घातली होती तिथं, ताडपत्रीच्या घडीत. डोळे चिकटलेले, मानेवर जखम, अंगभर पिसवा. मी म्हणालो, जगणार नाही, उगीच जीव लावू नकोस. तिनं माझ्याकडं लक्षही दिलं नाही. कोमट पाण्यानं डोळे पुसले, कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलं आणि जखमेवर घरची हळद दाबली. आमच्याकडं बोट कापो की गुडघा फुटो, पहिला हात हळदीच्या डब्यात जातो. आठवड्याभरात पिल्लू तिच्या पायांत घोटाळायला लागलं.

पिसवा मात्र हटेनात. पिल्लू खाजवायचं, जखम पुन्हा उघडायची, बायको पुन्हा हळद लावायची. एका सकाळी ती शेतात गेल्यावर मी गोठ्यातली गोचिडाच्या औषधाची बाटली काढली. बैलांना बादलीभर पाण्यात कालवून लावतो, तेच औषध. एवढ्याशा जिवाला कसलं माप, असं म्हणत मी ते तसंच फडक्यावर ओतलं आणि पिल्लाच्या पाठीवर चोळलं. कागद बाटलीला रबरानं बांधलेलाच होता. दुकानात असला कागद मी दिवसातून दहादा उलगडतो.

बायको परतली तेव्हा पिल्लाच्या तोंडाला फेस आला होता आणि पाय ताठले होते. आम्ही त्याला टॉवेलात गुंडाळून मोटारसायकलवर वसमतला नेलं. जनावरांच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न नेमका विचारला, "अंगाला काही लावलं का? गोचिडाचं, पिसवांचं?"

बाकावर माझी दोन गिऱ्हाइकं शेळ्या घेऊन बसली होती. त्यातल्या एकाला मी चारच दिवसांपूर्वी सगळ्यांदेखत झापलं होतं. मी म्हणालो, "न्हाई. फक्त हळद."

"हळदीनं असं होत न्हाई," डॉक्टर म्हणाले.

"लई लावली हो म्या," बायको म्हणाली. "चाटली असंल तिनं. त्यानं झालं का?"

"लहान जीव आहे, काय सांगावं," असं पुटपुटत त्यांनी सुई भरली. मला तेव्हा बोलता आलं असतं. मी शेळ्यांकडं बघत राहिलो.

औषध अंगावर सांडलं तर आधी साबणानं धुवा, हे मी गावाला सांगतो. ते मला घरी पोचल्यावर करावं लागलं, म्हणजे फार उशिरा. पिल्लाला मोरीत धरून मी साबण लावला. मानेवरची हळद सुटून पिवळं पाणी वाहायला लागलं. बायको दारात उभी होती.

"सगळी काढा," ती म्हणाली. "माझ्याच हातानं मारून राहिले होते मी तिला."

पाणी स्वच्छ येईपर्यंत मी पिल्लाला धूत राहिलो. बायको आत गेल्यावर बाटलीचा कागद वाचला. मांजरांना वापरू नये, असं त्यावर मराठीत लिहिलेलं होतं.

मांजरी जगली. तिची मान सतत हलते, बशीतलं दूध पहिल्या खेपेला तोंडाला लागत नाही. मधूनच झटका येतो. दोन्ही वेळा औषध द्यावं लागतं, आणि ते बायकोच देते, एकही पाळी न चुकवता. शेजारणी म्हणतात, किती करता हो तुम्ही दोघं या मुक्या जीवाचं. त्या 'दोघं' म्हणतात तेव्हा मला तोंड लपवावंसं वाटतं. मी अजूनही गिऱ्हाइकांना कागद वाचून दाखवतो, फक्त आवाज खाली आलाय.

परवा विळीवर बायकोचं बोट कापलं. चांगलंच रक्त आलं. मी धावत हळदीचा डबा आणला, झाकण काढलं आणि चिमूट उचलली. तिनं हात मागं घेतला.

"नको," ती म्हणाली. "हळद बघितली की मला हिची मानच दिसते."

तिनं बोट तोंडात धरलं. मांजरी तिच्या पायाशी बसून वर बघत होती, मान हलवत. मी सांगायला तोंड उघडलं.

"धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ये," मी म्हणालो, आणि डब्याला झाकण लावलं.