बाईंचं गप्प बसणं

एकतीस वर्षं फळ्यासमोर घसा कोरडा करणाऱ्या विज्ञानाच्या बाई आता जेवणाच्या टेबलाशी बसून शिकवतात. पडद्यावर अकरा चौकोन, त्यांत चार देशांतली अकरा मुलं. कुणाकडे सकाळ, कुणाकडे झोपायची वेळ. एवढं सगळं बाईंनी पचवलं. पण त्यांची एक सवय काही केल्या जाईना. प्रश्न विचारला की त्या गप्प बसत. विचार करायला वेळ लागतो, तो मुलांना दिलाच पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं.

हे शाळेच्या संगणकाला कोण समजावणार? आठ सेकंद आवाज आला नाही की तो बाईंच्या नावापुढे लाल खूण करी. दोन खुणा झाल्या होत्या. तिसरी झाली की मुलांना तयार व्हिडिओ दाखवायचे आणि बाईंनी नुसती हजेरी घ्यायची. समन्वयक भला माणूस. काहीही बोला, हवापाण्याचं बोला, पण बोलत राहा, असं त्याने परोपरीने विनवलं. उगाच हट्टाला पेटू नकोस, असं नवऱ्यानेही सांगून पाहिलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

त्या दिवशी बाईंनी विचारलं, थंड पेल्याला बाहेरून पाणी सुटतं ते कुठून येतं? पेल्यातून झिरपतं, असं एकाने ठोकून दिलं. बाई हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. आठ सेकंद गेले आणि लाल खूण उमटली. आपल्या हातून वर्ग गेला, हे त्यांना कळलं. तरी तोंड मिटलेलंच.

तीन महिन्यांत 'हजर' याखेरीज चकार शब्द न काढलेली एक मुलगी उठून गेली. परतली ती बर्फ घातलेल्या जांभळ्या सरबताचा पेला घेऊन. थोडा वेळ थांबून तिने पेला बाहेरून पांढऱ्या रुमालाने पुसला आणि रुमाल कॅमेऱ्यासमोर धरला.

"सरबत जांभळं आहे, पण रुमाल नुसता ओला झाला," ती म्हणाली. "म्हणजे हे पाणी आतलं नाही. हवेतलं असेल."

दुसऱ्या दिवशी समन्वयकाने पळवाट काढली. नेट गेलं होतं असं बाईंनी लिहून दिलं, तर तो खूण पुसणार होता.

"नेट उत्तम होतं," बाई म्हणाल्या. "मी मुद्दाम गप्प होते असं लिहा. आणि ती मुलगी काय म्हणाली, तेही खाली लिहा."

"त्यासाठी रकानाच नाही, बाई."

"मग आखा," बाई म्हणाल्या, आणि तो आखेपर्यंत गप्प बसून राहिल्या.