मंजूर म्हणणारे मामा

आमच्या भागातली सहकार चळवळ माझ्या मामांच्या घशावर उभी होती, हे मी पत्रक छापून, कुणाचीही भीडभाड न ठेवता सांगायला तयार आहे. मामा साखर कारखान्यात शिपाई. वर्षभर ते चहा द्यायचे आणि साहेबाची बेल वाजली की धावायचे. पण त्यांचं खरं काम वर्षातून एकदाच, वार्षिक सभेला. अध्यक्षांनी विषय वाचला, की मांडवाच्या मागच्या खांबापाशी उभं राहून मामांनी पहिलं "मंजूऽऽर!" ठोकायचं. त्यामागे सगळा मांडव "मंजूर, मंजूर" करत सुटायचा, आणि विषय काय होता हे लोक घरी जाताना एकमेकांना विचारायचे. ह्याला म्हणे लोकशाही! त्याच मांडवात "नामंजूर!" ओरडून मी दरवर्षी घसा बसवून घेतलाय. मामांच्या एका हाकेपुढं आमची अख्खी शेतकरी संघटना म्हणजे मांजराचं पिल्लू. सभा सुटली की तेच मामा मला जिलबीची पुडी देऊन म्हणायचे, "लई वरडलास बे भाच्या. गरम पाणी पी." संताप व्हायचा. जिलबी मात्र खायचो.

मामा निवृत्त झाले, शाल-नारळ घेऊन घरी आले, पण घसा काही निवृत्त होईना. मामींनी "पिठलं टाकू का?" म्हणायचा अवकाश, की "मंजूर!" शेजारची म्हैस दावं ओढायला लागायची. सुरुवातीला त्या घरात रोज पिठलंच झालं, कारण नाही कसं म्हणायचं हे ह्या माणसाला ठाऊकच नव्हतं. केजच्या बाजाराला निघालेल्या जीपवाल्यानं "अजून दोघं घेऊ का?" असं सहज विचारलं, मामांनी मंजुरी दिली, आणि बाजार येईपर्यंत ते स्वतःच टपावर जाऊन बसले होते. दुपारी मात्र ओट्यावर अगदी गप्प. एकदा रस्त्यावर सायकलची घंटी वाजली आणि मामा लगबगीनं उठून चपला शोधायला लागले. मी बघितलं.

त्या साली पाऊस आलाच नाही. ऊस जनावरांच्या चाऱ्याला गेला, कारखाना बंद पडला. उरलं होतं ते कारखान्याचं तळं. मामांची वस्ती धरून आसपासचे सगळे त्याच्यावर तगून होते. आणि येत्या सभेपुढं विषय आला, तळ्याचं पाणी बाहेरच्या दारू कंपनीला देण्याचा! माझं डोकंच फिरलं. तडक मामांचं घर गाठलं.

"मामा, तुमी आता नोकर न्हाईत. शेअर हाय तुमच्या नावावर. एकदा, फक्त एकदा नामंजूर म्हणा."

मामांनी छाती भरून घेतली. "ना..." म्हणाले, आणि पुढं नुसता ठसका. "न्हाई निघत रे. साऱ्या जिंदगीत ते ह्या नरड्यातून आलंच न्हाई."

"घागर रिकामी आली की निघंल आपोआप," मामी आतून म्हणाल्या.

सभेला मामा निरोपाची शाल पांघरून सभासदांत बसले. त्यांच्या जागी दुसरं कुणी नेमायला हवं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. अध्यक्षांनी विषय वाचला आणि सवयीनं थांबले. मांडवही थांबला. साऱ्या माना मामांकडे वळल्या. त्यांच्या गळ्याची घाटी वरखाली होताना मला लांबून दिसत होती. अखेर मामांनी शालीचा बोळा करून तोंडात कोंबला.

"मंजूर ना?" अध्यक्षांनी विचारलं. कुणी बोलेना. आणि विषय काय होता, हे लोकांनी पहिल्यांदाच मांडवात बसून एकमेकांना विचारलं. कडेला घागरी घेऊन बसलेल्या बायकांतून मामी उठल्या. "पाणी कावून देता? मग आमी काय प्यावं?" त्यासरशी मांडवच उठला. विषय मागे घ्यावा लागला. माझी घोषणा खिशातच राहिली.

तो मांडव हलवणारा आवाज पुन्हा कुणी ऐकला नाही. आयुष्यभर ज्याचा निषेध केला, त्याचीच मला चुटपुट लागते. परवा गेलो तर मामा ओट्यावर होते. मामींनी विचारलं, "पिठलं टाकू का?" मामांनी बराच वेळ आभाळाकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "थांब. जरा इचार करतो."

आणि मामी रिकामी कढई मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसून राहिल्या.