मिठाचा घोडा बसला

ठोकेनानांचं सगळं आयुष्य दगड घडवण्यात गेलं. त्यामुळे हॉटेलवाल्या बाई खाणीतल्या मिठाचा भलामोठा ठोकळा घेऊन आल्या आणि "काउंटरवर ठेवायला उभा घोडा करा" म्हणाल्या, तेव्हा नाना हुरळलेच. कामं आटली होती. हेही हातचं गेलं, तर कारखान्याला कुलूप लावून मेहुण्याच्या कापडदुकानात मीटरपट्टी धरायची, असं घरात ठरून गेलं होतं.

डोकं झकास उतरलं. मग नानांनी पायाजवळ, दगडाला देतात तसा सणसणीत ठोका दिला. पाय गेला! तोही सुरीने कापल्यासारखा सपाट.

"बाबा, मिठात प्लस आणि मायनस कण एकाआड एक बसलेले असतात, आयन म्हणतात त्यांना," कॉलेजात जाणारी लेक म्हणाली. "ठोक्याने रांग सरकली की प्लससमोर प्लस येतो. दोघं एकमेकांना ढकलतात आणि तडा जातो."

"म्हणजे दोन विहिणी शेजारी बसवल्यासारखं! बरं, मग वितळवून चिकटवतो."

नानांनी गॅसची बत्ती पेटवून ज्योत तुटक्या पायावर धरली. मीठ तडतडून मिशीवर उडालं, पण वितळायचं नाव घेईना.

"आठशे अंश लागतात, बाबा."

"आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

संध्याकाळपर्यंत उरलेले तीन पायही गेले. खचलेल्या नानांचे हात मात्र सवयीने चालले. काम थांबलं की दगडावरची धूळ धुवायला बादली ओतायची, तशी त्यांनी ती ओतली.

"अहो, मीठ आहे ते!" बायको किंचाळली.

कान विरघळले, आयाळ वाहून गेली. नानांनी कपाळाला हात लावला आणि तेवढ्यात त्यांची नजर पाठीवर गेली. काचेसारखी गुळगुळीत! त्यांनी ओला अंगठा फिरवला. छिन्नीखाली फुटणारं मीठ पाण्याखाली मुकाट्याने आकार घेत होतं. मग काय, ओल्या फडक्याने मान घडली, पोट घडलं. पाय पोटाखाली दुमडलेत, असं समजायचं!

बाई आल्या. "मी उभा घोडा सांगितला होता."

"दमलाय बिचारा. बसलाय."

बाईंनी पाठीवरून हात फिरवला. फिरवतच राहिल्या. मग खुदकन हसल्या. "आमच्याकडे पाहुणेही दमूनच येतात. खोलीखोलीत असा एकेक बसका प्राणी हवा. घोडा, मांजर, जिराफ, काय जमेल ते."

कारखाना वाचला. नानांनी रुबाबात मान डोलावली आणि बाईंची पाठ वळताच लेकीला हळूच विचारलं, "जिराफ बसतो कसा गं?"